लोकरी जनावरे आणि तापमान : सशाच्या वर्तनावरून उष्णतेचा ताण कसा ओळखावा

उन्हाळ्यात भर दुपारी माळरानावर रानससा सहसा दृष्टीस पडत नाही. एखाद्या झुडपाखाली किंवा गवताच्या ठोंबाच्या आडोशाला उथळ खळगा करून तो निश्चल पडून राहतो आणि ऊन उतरल्यावरच चरावयास निघतो. त्याच माळाच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, तारेच्या पिंजऱ्यात ठेवलेला पाळीव ससा मात्र त्याच दुपारी धापा टाकू लागतो आणि वेळीच लक्ष न दिल्यास संध्याकाळपर्यंत दगावतो. हे दोन प्राणी जातीने भिन्न आहेत हे खरे. तथापि दोघांच्या नशिबातील मुख्य फरक असा, की रानसशाला जागा बदलता येते व पिंजऱ्यातील सशाला ती बदलता येत नाही.

जनावराचे वर्तन हे उष्णतेपासून व थंडीपासून बचाव करण्याचे त्याचे पहिले साधन असते. पिंजऱ्यामुळे हे साधन बरेचसे हिरावले जाते. ते कोणत्या ना कोणत्या रूपाने जनावराला परत देणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते. हे कसे करावे, तसेच जनावर आपल्या हालचालींतून कोणत्या सूचना देत असते, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

थंड प्रदेशातील जनावरे

मऊ केसाळ कातड्यासाठी अथवा लोकरीसाठी जी जनावरे जगात पाळली गेली, त्यांतील बहुतेक मूळची थंड हवेची आहेत. मिंक हा पाणथळ जागी राहणारा प्राणी उत्तर अमेरिकेतला. चिंचिला हा लहान प्राणी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच व कोरड्या भागातला. ध्रुवीय कोल्हा तर उत्तर ध्रुवाभोवतालच्या बर्फाळ प्रदेशात राहतो. अलास्कातील पॉइंट बॅरो येथे शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग १९५० साली प्रसिद्ध झाले. त्यांत असे आढळले, की सभोवतालचे तापमान शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले तरी ध्रुवीय कोल्ह्याला शरीर उबदार ठेवण्यासाठी अधिक शक्ती खर्च करावी लागत नाही. अंगाची वळकटी करून, झुपकेदार शेपटी नाकावर ओढून तो झोपी जातो. दाट केस आणि ही निजण्याची रीत एवढ्यावरच त्याचे भागते.

या जनावरांना थंडीपेक्षा उष्णता अधिक जाचक होते. उत्तर युरोपातील मिंकपालनात प्रत्येक पिंजऱ्याला गवताच्या काडाने भरलेली एक लाकडी पेटी जोडण्याची पद्धत रूढ झाली. थंडीत मिंक या पेटीत अंग आखडून बसतो. हवा तापली म्हणजे पेटी सोडून जाळीवर हातपाय पसरून पडतो. पिलांना काही आठवडे आपल्या शरीराचे तापमान स्वतः राखता येत नाही, म्हणून त्यांना पेटीतील ऊब लागते. त्याच वेळी आईला मात्र ती पेटी असह्य होऊ शकते. एकाच जागेत दोघांची गरज परस्परविरुद्ध असल्यामुळे उन्हाळ्यातील वीण पाळणाऱ्याची परीक्षा पाहणारी ठरते.

मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या कातड्यांच्या आयातीवर भारत सरकारने २०१७ साली बंदी घातली. डेन्मार्क हा मिंकपालनात अग्रेसर देश होता; कोरोना विषाणूच्या प्रसारामुळे तेथील सर्व मिंक २०२० साली मारून टाकण्यात आले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा या जनावरांशी प्रत्यक्ष संबंध येत नाही. त्याचा संबंध येतो तो सशाशी. सशाची प्रकृतीदेखील याच नियमाने चालते.

ससा उष्णता कशी बाहेर टाकतो

पाळीव सशाचे पूर्वज स्पेन व पोर्तुगाल या भागात जमिनीत बिळे करून राहत. बिळात दिवसा गारवा व रात्री ऊब मिळते, आणि ससा मुख्यतः संधिप्रकाशात व रात्री बाहेर पडून चरतो. म्हणजे बीळ आणि रात्र ही त्याची दोन संरक्षणे होत. पिंजऱ्यात पहिले राहत नाही व दिवसाच चारा घालण्याच्या आपल्या सवयीमुळे दुसऱ्याचाही उपयोग होत नाही.

निरोगी सशाच्या शरीराचे तापमान साधारणतः ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असते. सशाला माणसाप्रमाणे घाम येत नाही. यामुळे शरीरातील जास्तीची उष्णता बाहेर टाकण्याचे त्याच्याजवळ तीनच मार्ग उरतात.

पहिला मार्ग बसण्याच्या पद्धतीचा. अंग आखडून गोळा झाल्यास उष्णता कमी बाहेर पडते व लांब पसरल्यास अधिक. दुसरा मार्ग कानांचा. सशाचे कान पातळ असून त्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. उष्णता वाढली, की या वाहिन्या रुंदावतात, कानांत रक्त अधिक खेळते आणि कानांवरून जाणाऱ्या वाऱ्याने ते निवते. थंडीत या वाहिन्या आकुंचन पावतात व कान गार लागतात. तिसरा मार्ग श्वासाचा. श्वासाबरोबर बाहेर जाणाऱ्या वाफेने काही उष्णता निघून जाते. म्हणून ताप वाढेल तसा श्वास जलद होतो.

हे तिन्ही मार्ग भोवतालच्या हवेवर अवलंबून आहेत. हवाच शरीराइतकी तापली तर कानांचा उपयोग होत नाही, आणि हवेत दमटपणा फार असेल तर श्वासावाटे पाण्याची वाफ होणे मंदावते. शिवाय अंगावरील दाट केस उष्णता आत कोंडून ठेवतात. अंगोरा सशाच्या अंगावर लांब लोकर असल्यामुळे त्याची अडचण इतर सशांहून मोठी असते.

वर्तनाच्या पायऱ्या

सशाला साधारणतः १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान सर्वांत मानवते. २५ अंशांपर्यंतही त्याला विशेष त्रास होत नाही. त्यापलीकडे त्याचे वर्तन पायरीपायरीने बदलत जाते. ग्रामसेवक, कृषी सहायक व पशुपालक यांनी या पायऱ्या नीट ओळखाव्यात.

१. १० अंशांच्या खाली : ससा अंग आखडून गोळा होऊन बसतो. कान पाठीला चिकटलेले व स्पर्शास गार असतात. केस फुलारलेले दिसतात. खाणे वाढते. मोठ्या जनावराच्या बाबतीत, वाऱ्याचा झोत व ओल नसल्यास, यात काळजीचे कारण नसते.

२. १५ ते २५ अंश : जनावर मोकळेपणाने बसते, अंग चाटते, सायंकाळी व पहाटे हालचाल वाढते, चारा व खुराक वेळच्या वेळी संपतो.

३. २५ ते ३० अंश : ससा पाय मागे ताणून लांब पडू लागतो. कान पसरट व उबदार होतात. दुपारची हालचाल थांबते. पाणी अधिक पितो.

४. ३० ते ३५ अंश : खाणे स्पष्टपणे कमी होते. पचनक्रियेतूनही उष्णता निर्माण होत असल्यामुळे जनावर स्वतःच अन्न टाळते. श्वास जलद होतो, नाकपुड्या भराभर हलतात. ससा पिंजऱ्यातील गार भाग शोधतो. पाण्याच्या भांड्याला किंवा जाळीच्या वाऱ्याकडील बाजूला अंग लावून पडतो.

५. ३५ अंशांच्या वर : शरीराचे तापमान राखणे सशाला अशक्य होऊ लागते. कान तापलेले व लालसर दिसतात, नाकाभोवतीचा व ओठांचा भाग ओला होतो, मान मागे टाकली जाते. ससा नेहमी नाकाने श्वास घेतो. तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला म्हणजे जीव धोक्यात आहे असे निश्चित समजावे. यानंतर तोल जाणे, झटके येणे व मृत्यू या गोष्टी थोड्याच वेळात घडतात.

वरील आकडे सर्व जनावरांना काटेकोरपणे सारखे लागू पडत नाहीत. लठ्ठ, वयस्क, दाट लोकरीची व विण्यास आलेली जनावरे एक पायरी आधीच त्रास दर्शवितात. म्हणूनच केवळ तापमापकावर न विसंबता जनावराकडे पाहणे आवश्यक आहे. विश्रांतीच्या स्थितीत सशाचा श्वास मिनिटास साधारणपणे ३० ते ६० वेळा चालतो. कुशीची हालचाल १५ सेकंद मोजून तिला ४ ने गुणावे. हा आकडा शंभराच्या पुढे गेला, की उपाय तत्काळ सुरू करावेत. मोजणी जनावराला न पकडता, दुरून करावी. पकडल्याने घाबरून श्वास वाढतो व अनुमान चुकते.

पिलांना थंडीचा धोका

मोठ्या जनावराचा शत्रू उष्णता, तर नवजात पिलाचा शत्रू थंडी होय. सशाचे पिलू उघडे व आंधळे जन्मते. त्याचे डोळे साधारणतः १० ते ११ दिवसांनी उघडतात. तोपर्यंत त्याला ३० अंशांहून अधिक ऊब लागते आणि ती त्याला पेटीतील गवत, आईने स्वतःच्या छातीवरून उपटून घातलेले केस व भावंडांचे अंग यांपासून मिळते.

आई पिलांजवळ बसून राहत नाही. दिवसाकाठी बहुधा एकदाच, तीनचार मिनिटे, ती पेटीत शिरून दूध पाजते व निघून जाते. ती पिलांना टाकून देते असा समज करून पुष्कळ लोक पिलांना वारंवार हाताळतात किंवा आईला पेटीत कोंडतात. हे दोन्ही प्रकार हानिकारक आहेत. मात्र पिलांची ऊब दिवसाचे उरलेले सर्व तास पेटीवरच अवलंबून असते, हे यावरून ध्यानी यावे.

पिलांच्या वर्तनावरून पेटीची स्थिती कळते. सर्व पिले एका ढिगात, केसांखाली, स्वस्थ पडलेली असतील व पोटे भरलेली दिसतील तर सर्व ठीक आहे. ढिगात घट्ट घुसून ती सतत वळवळत असतील तर ऊब कमी पडत आहे. ती एकमेकांपासून दूर, केसांच्या बाहेर, लांब पडली असतील तर पेटी तापली आहे. पहिल्या स्थितीत काहीच करू नये. दुसऱ्या स्थितीत सुके मऊ गवत वाढवावे. तिसऱ्या स्थितीत वरचे काही केस काढून स्वच्छ पिशवीत ठेवावेत व रात्री गारवा वाढल्यास परत घालावेत.

दूध पिताना आचळाला धरून राहिलेले एखादे पिलू आईबरोबर पेटीबाहेर येऊन जाळीवर पडते. मांजर जसे पिलू तोंडात धरून परत आणते, तसे सशाची मादी करीत नाही. असे पिलू काही तासांतच गारठून मरते. यासाठी पेटीचा उंबरा पुरेसा उंच असावा व सकाळी सर्वप्रथम पेटीभोवती नजर टाकावी. गारठलेले पिलू हाताच्या ओंजळीत किंवा कोमट फडक्यात ऊब देऊन, ते हालचाल करू लागल्यावर भावंडांत सोडावे. पुणे व नाशिक जिल्ह्यांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांखाली जातो, निफाडसारख्या ठिकाणी थंडीच्या लाटेत तो ५ अंशांखालीही उतरतो. अशा वेळी पिलांच्या पेटीवर रात्री गोणपाट टाकावे. मात्र हवा येण्यास वाट ठेवावी.

उन्हाळ्याचा वचपा पावसाळ्यात

उष्णतेचा एक परिणाम असा आहे, की तो दिसतो उशिरा आणि त्याचा दोष भलत्याच जनावरावर येतो. नराचे अंडकोश उष्णतेला अत्यंत संवेदनशील असतात. तापमान सतत काही दिवस ३० अंशांच्या वर राहिले म्हणजे वीर्याची प्रत खालावते व नराची इच्छाही मंदावते. वीर्यातील शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे दीड महिना लागतो. त्यामुळे मे महिन्यातील उन्हाचे नुकसान जून व जुलैपर्यंत टिकते. बाहेर पाऊस पडून हवा गार झालेली असते, नर वरकरणी धडधाकट दिसतो, समागमही होतो. परंतु माद्या गाभण राहत नाहीत.

अशा वेळी माद्या वांझ निघाल्या असे समजून त्या स्वस्तात विकून टाकल्या जातात. खरे पाहता दोष मादीचा नसून एप्रिल-मेमधील निवाऱ्याचा असतो. याउलट उष्णतेने त्रासलेली मादी नराला जवळ येऊ देत नाही, कोपऱ्यात अंग चेपून बसते. हेदेखील तात्पुरते असते. गाभण राहिलेल्या मादीच्या गर्भावरही पहिल्या काही दिवसांतील तीव्र उष्णतेचा अनिष्ट परिणाम होतो.

यावर उपाय सोपे आहेत. नरांना निवाऱ्यातील सर्वांत गार जागा द्यावी. उन्हाळ्यात समागम पहाटे करावा. सशाचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असल्याने मार्चच्या मध्यानंतर फळविलेली मादी ऐन उन्हात विते, हे ध्यानात ठेवून तीव्र उन्हाच्या भागात एप्रिल व मे महिन्यांत वीण शक्यतो टाळावी. पावसाळ्याच्या प्रारंभी मादी गाभण न राहिल्यास तिला काढून टाकण्यापूर्वी किमान दीड ते दोन महिने वाट पाहावी व दुसरा, गार जागी ठेवलेला नर वापरून पाहावा.

निवारा : विभागाप्रमाणे विचार

महाराष्ट्रात उष्णता सर्वत्र एकसारखी नसते. विदर्भात चंद्रपूर, नागपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते. कोकण किनाऱ्यावर पारा त्या मानाने खाली राहतो, परंतु हवेतील दमटपणा फार असतो. म्हणून एका विभागातील उपाय दुसऱ्या विभागात जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

कोरड्या हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते व वाफ होताना उष्णता शोषली जाते. यास्तव विदर्भ, मराठवाडा व सोलापूरकडील भागात निवाऱ्याच्या बाजूंना गोणपाटाचे पडदे सोडून ते दुपारी ओले ठेवल्याने आतील हवा चांगली निवते. तेथे नुसता पंखा मात्र घातक ठरू शकतो. कारण ४० अंशांच्या वर तापलेली हवा जनावराच्या अंगावर आणल्याने ते निवण्याऐवजी अधिकच तापते. पंखा वापरावयाचा तर ओल्या पडद्यातून येणारी हवा आत घेण्यासाठीच वापरावा.

कोकणात याच्या उलट करावे. तेथे ओल्या पडद्यांनी दमटपणा वाढून श्वासाचा मार्ग अधिकच खुंटतो. निवारा दोन्ही बाजूंनी मोकळा, वाऱ्याच्या दिशेला, उंच जोत्यावर असावा व वारा पडल्यास पंख्याने हवा खेळती ठेवावी. अंग गार होण्यापेक्षा हवा हलती राहणे तेथे अधिक महत्त्वाचे.

सर्व विभागांत पुढील गोष्टी पाळाव्यात. निवाऱ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळचे व दुपारनंतरचे तिरपे ऊन लांब बाजूंनी आत शिरत नाही. छप्पर गवताचे, झावळ्यांचे किंवा कौलांचे असावे. पत्रा घालणे भाग असल्यास त्यावर पांढरा चुना द्यावा व वर उसाचे पाचट किंवा कडब्याचा थर अंथरावा. दक्षिण व पश्चिम बाजूला कडुनिंब, शेवगा यांसारखी सावली देणारी झाडे लावावीत. पिंजरे छपराच्या अगदी जवळ, एकावर एक रचू नयेत. सर्वांत वरच्या पिंजऱ्यातील जनावर प्रथम दगावते.

बिळाची उणीव भरून काढण्याचा एक साधा मार्ग म्हणजे मडके होय. आडवे ठेवलेले मोठे मातीचे मडके, किंवा जमिनीवरील कुंपणात सशे ठेवले असल्यास निम्मे जमिनीत पुरलेले मडके, हे जनावराला विसाव्याचे स्थान देते. भोवतालची माती ओलसर ठेवल्यास आत चांगला गारवा राहतो. मात्र आत पाणी झिरपू देऊ नये. जनावर केव्हा आत जाते व केव्हा बाहेर येते हे पाहिले, की निवाऱ्यातील उष्णतेचे मोजमाप आपोआप मिळते.

रोजची कामे

उन्हाळ्यात चारा व खुराक घालण्याची वेळ बदलावी. मुख्य आहार सूर्यास्तानंतर व थोडा भाग पहाटे द्यावा. गारव्यात जनावर पोटभर खाते व पचनाची उष्णता दुपारच्या उष्णतेत मिसळत नाही. लसूणघासासारखा हिरवा चारा सुकलेला किंवा ढिगात तापलेला नसावा.

पाणी चोवीस तास समोर असावे. पाणी नसेल तर ससा खाणेही सोडतो. धातूच्या भांड्यातील पाणी दुपारी तापते, म्हणून जड बुडाची मातीची भांडी वापरावीत व दुपारी एकदा पाणी बदलावे. छपरावरील टाकीतून नळीने पाणी येत असल्यास नळीतील तापलेले पाणी आधी सोडून द्यावे.

तापमापक दारातील भिंतीवर न टांगता जनावराच्या उंचीवर, पिंजऱ्यांच्या रांगेच्या मध्यावर टांगावा. दुपारी २ ते ३ च्या दरम्यान एक नोंद वहीत करावी : तापमान, लांब पडलेल्या जनावरांची संख्या, जलद श्वास असलेल्या जनावरांची संख्या आणि रात्रीचा उरलेला खुराक. आठ दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवल्यास कोणता पिंजरा अधिक तापतो हे उघड होते. उन्हाळ्यात जनावरे पकडणे, तोलणे, दूरवर नेणे ही कामे पहाटेच उरकावीत.

जनावर उन्हाने कोसळल्यास

त्यास ताबडतोब सावलीत, वारा असलेल्या जागी न्यावे. कान गार पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुनःपुन्हा पुसावेत व पायही ओले करावेत. बर्फाचे पाणी ओतू नये किंवा जनावर पाण्यात बुडवू नये. अकस्मात धक्क्याने ते मरते आणि अतिगार पाण्याने कानांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून हेतूच फसतो. जनावर सावरल्यावर पाणी समोर ठेवावे. तोंडात ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाण्याचा संभव असतो. नंतर पशुवैद्यकास दाखवावे. एक जनावर कोसळले म्हणजे त्याच रांगेतील इतर जनावरे चौथ्या पायरीवर आहेत असे धरून सर्वांसाठी उपाय सुरू करावेत.

जनावरे घेण्यापूर्वी

लोकरीसाठी पाळावयाचा अंगोरा ससा दख्खनच्या पठारावर व विदर्भात घेऊ नये. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेची स्थापना १९६२ साली राजस्थानात झाली. परंतु अंगोरा सशावरील तिचे काम हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात, गडसा येथील केंद्रात चालते, यातच पुष्कळ बोध आहे. उष्णतेत अंगोराची लोकर कमी वाढते, खाणे घटते, आणि अंग चाटताना गिळलेली लोकर पोटात साचण्याचा धोका राहतो. कातरणी साधारणतः अडीच ते तीन महिन्यांनी होते व कातरल्यानंतरचे काही दिवस थंडीही त्याला बाधते. अशा जनावराला गार डोंगराळ प्रदेशच मानवतो.

सोव्हिएत चिंचिला, न्यूझीलंड व्हाइट यांसारख्या आखूड केसांच्या जाती मुख्यतः मांसासाठी पाळल्या जातात. सोव्हिएत चिंचिला हा ससाच असून केवळ केसांच्या रंगसाम्यामुळे त्यास ते नाव पडले आहे. या जाती अंगोरापेक्षा पुष्कळ सोशीक असल्या तरी वर वर्णिलेले नियम त्यांनाही लागू आहेत.

सशांची वीण हिवाळ्यात उत्तम होते. डिसेंबरमध्ये पाहिलेला कळप भरलेला, तुकतुकीत व फायदेशीर वाटतो आणि त्या हिशेबावर कर्ज काढले जाते. यास्तव ज्या ठिकाणाहून जनावरे घ्यावयाची ते ठिकाण एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी ३ वाजता, प्रत्यक्ष जाऊन पाहावे. जनावरे कशी पडली आहेत, श्वास कसा चालला आहे, पेट्यांत पिले आहेत काय, मागील जून-जुलैमध्ये किती माद्या व्याल्या, हे विचारावे. वर्षाचा हिशेब मांडताना उन्हाळ्याचे व त्यानंतरचे मिळून चार महिने उत्पन्न कमी धरावे. एवढे करूनही हिशेब जुळत असेल तरच व्यवसायात उतरावे.

माळावरील रानससा पकडून पाळण्याचा मोह कोणी धरू नये. तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून त्यास पकडणे गुन्हा आहे. शिवाय तो पिंजऱ्यात रुळतही नाही. शिकावयाची ती त्याची रीत : दुपारी सावली, रात्री चारा आणि अंग टेकावयास गार माती. या तीन गोष्टी ज्याच्या निवाऱ्यात आहेत, त्याचे सशे वैशाखातही स्वस्थ पडून राहतात व पावसाळा लागताच त्यांच्या पेट्या पुन्हा पिलांनी भरतात.